झोपाळा थांबला की

माझी गोष्ट माझ्या सुनेला आवडते हे मला कळलं, तेव्हा मला तिचा भयंकर राग आला. कुणालाही हे उफराटं वाटेल. लेखिकेला वाचक मिळाला की ती हुरळते, आणि घरातच मिळाला तर मग बघायलाच नको. पण मला आणखी वाचक नको होते. मला माझा झोपाळा परत हवा होता.

नीट सांगते. मी कादंबऱ्या लिहिते. ‘ऐतिहासिक, शृंगारिक’ असं माझे पुण्याचे प्रकाशक जाहिरातीत छापतात. खरं म्हणजे त्या सगळ्या परीकथा आहेत. लग्न होऊन मी मद्रासला आले तेव्हा मला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं आणि मराठी पुस्तक औषधालाही मिळत नव्हतं. नुंगंबाक्कमला एक भाड्याने पुस्तकं देणारी लायब्ररी होती. तिथे जाड जाड इंग्रजी प्रेमकथांचं एक अख्खं कपाट होतं. प्रत्येकीच्या मुखपृष्ठावर घोडा, किल्ला आणि खांद्यावरून घसरलेला झगा. त्यातल्या काही वाचल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या बायका लहानपणी ऐकलेल्या गोष्टीच पुन्हा सांगत होत्या. राखेत बसणाऱ्या पोरीला एक उमराव द्यायचा, भोपळ्याच्या जागी खरी बग्गी आणायची, वर एक सन टाकायचा, झाली कादंबरी. मी म्हटलं, उमराव काय फक्त यांच्याकडेच आहेत? आमच्याकडे सरदार ढिगाने पडलेत.

मग मी राखेतल्या पोरीला साताऱ्याला आणलं. तिचा एक चंदेरी जोडा सरदाराच्या दिंडीदरवाजात राहिला. पुढच्या कादंबरीत शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येचा मी गड केला आणि शापाऐवजी विहिरीत अफू कालवली. तिसरीत देवीच्या व्रणांनी विद्रूप झालेला एक किल्लेदार होता, आणि त्याच्या बागेतला गुलाब तोडणारा एक बिचारा व्यापारी. पुस्तकं खपली. सोलापूरच्या, नागपूरच्या बायका मला पत्रं पाठवायच्या. टीकाकारांनी नाकं मुरडली, पण भाषेला मात्र सगळ्यांनी हात जोडले. ‘विद्युलताबाईंची भारदस्त, दरबारी मराठी’ हे शब्द इतक्यांदा छापून आले, की तेच माझं आडनाव व्हायचं बाकी राहिलं.

ती भाषा कशी झाली ते मला एकटीलाच माहीत होतं. म्हणजे तसा माझा समज होता.

चेन्नईत माझं कोण ऐकणार? आमचे हे, हंबीरराव, रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. पहिल्या वाक्याला जांभई द्यायचे आणि दुसऱ्याला घोरायला लागायचे. राहिला माझा मुलगा तन्मय. शाळेत त्याच्या वडिलांनी त्याला तमिळ घ्यायला लावलं, राहायचं इथेच आहे म्हणून. त्यामुळे त्याला देवनागरी वाचता येत नाही. आईच्या कादंबऱ्या घरातल्या कपाटात, आणि पोराला मुखपृष्ठावरचं आईचं नावसुद्धा लागत नाही. मग मी त्याला वाचून दाखवायला लागले. रविवारी नाश्ता झाला की मी खुर्चीत बसायचे, हातात नवं प्रकरण, आणि तो समोर झोपाळ्यावर. या गावाच्या रिवाजाप्रमाणे आमच्याही हॉलमध्ये सागवानी पाटाचा झोपाळा आहे. तो पायाच्या अंगठ्याने रेटा द्यायचा, साखळ्या कुरकुरायच्या आणि मी वाचायचे.

तो कधी छान म्हणाला नाही, वाईट म्हणाला नाही. बोलून दाखवणाऱ्यातला तो मुलगाच नव्हे. पण मध्येच त्याचा पाय जमिनीला टेकायचा आणि झोपाळा थांबायचा. मान पुढे, कपाळाला आठी, नजर माझ्या तोंडावर. त्या क्षणासाठी मी आठवडाभर लिहायचे. झोपाळा थांबला, म्हणजे पान जमलं. झोपाळा चालूच राहिला, म्हणजे पोर कंटाळलं. ते पान मी फाडून टाकायचे आणि पुन्हा लिहायचे. दहा वर्षांचा होता तेव्हापासून हा आमचा शिरस्ता. तो कॉलेजात गेला, ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर झाला, कंपनीच्या बसने पहाटे जाऊ लागला, तरी रविवार माझा होता. मला वाटायचं, चेन्नईत मराठी लिहिणाऱ्या बाईला इतकं मिळालं तरी खूप झालं.

तर आता नित्या. तिला मीच घरात आणलं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणी टोमणा मारायला नको.

चौथी कादंबरी मला तंजावरची करायची होती. मनोऱ्यात कोंडलेली लांब केसांची मुलगी, तिची वेणी धरून वर चढणारा राजपुत्र आणि तिला कोंडणारी म्हातारी. तंजावरच्या राजवाड्याला उंच मनोरा आहे, तो मी पाहून आले होते. म्हातारीला मी राजसबाई असं नाव दिलं. राणीची मर्जी गेलेली दासी, टाकून दिलेलं राजघराण्यातलं पोर उचलते, मनोऱ्यात वाढवते आणि कुणाच्या दृष्टीस पडू देत नाही. सगळं तयार होतं, पण तंजावरची माणसं बोलतात कशी ते ठाऊक नव्हतं. त्याच सुमारास नुंगंबाक्कमच्या आमच्या बँकेत रांगेत उभी होते. काउंटरमागची मुलगी फोनवर आईशी बोलत होती. “आज्जीस औषध दिलंस कां? तस्त पलंगापाशीच ठेव.” तस्त! हात धुवायचं, चूळ भरायचं ते पसरट भांडं. हा शब्द मी जुन्या दफ्तरांच्या छापील पुस्तकांतून टिपून ठेवला होता, जिवंत माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी त्या मुलीचा काउंटरवरून हातच धरला. रविवारी घरी ये म्हटलं, पुरणपोळी करते.

ती आली. पुरणपोळीवर तिने रसम मागितलं, तेही मी दिलं. तंजावरहून मद्रासला आलेलं तिचं घराणं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं, घरात मराठी आणि लिहायचं झालं तर तमिळ अक्षरांत. ती प्रत्येक रविवारी यायला लागली. मी प्रश्न विचारायचे, ती सांगायची, आणि तन्मय तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला जायचा. बसस्टॉपला जायला इतका वेळ का लागतो, हे माझ्यासारख्या प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईच्या लक्षात येऊ नये याला काय म्हणावं? वर्षाच्या आत ती वेलचेरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये सून म्हणून आली. मी तिला म्हटलं, मला आई म्हण. ती म्हणाली, “आमच्या घरांत आत्याबाई म्हणतात.” मग मी आत्याबाई झाले.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मी कागद घेऊन बसले, आणि ती झोपाळ्यावर त्याच्या शेजारी येऊन बसली.

आता तुम्हीच सांगा, एका झोपाळ्यावर दोन माणसं बसली तर झोपाळा कुणाचा? त्याने रेटा दिला की ती पाय टेकवायची, त्याने टेकवला की ती रेटा द्यायची. माझी जन्माची मोजपट्टी एका सकाळीत बिघडली. झोपाळा थांबला तरी कोणामुळे थांबला ते कळेना. त्याहून वाईट म्हणजे वाक्य संपलं की तो माझ्या तोंडाकडे बघेना. तिच्याकडे बघायचा. ती हसली की तो हसायचा. तिने कपाळाला हात लावला की हाही गंभीर. माझं पोर माझ्या गोष्टीवर काय वाटून घ्यायचं ते बायकोला विचारून ठरवत होतं.

आणि ती हसायची भलत्याच ठिकाणी. राजसबाई मुलीचे केस विंचरते, तेलाची वाटी उतरून ठेवते आणि तस्तात हात धुते, असं मी एका गंभीर प्रसंगात वाचलं. नित्या खुदकन हसली. हाच शब्द ऐकून मी तिला घरात आणलं होतं! मी कागद खाली ठेवला.

“काय झालं हसायला?”

“काही नाही, आत्याबाई. वाचा.”

“चुकलं का काही?”

“नाही, सरी दान. बरोबर हाय.” आणि वर, “पण ती राजसबाई पावम. तिला कोण हाय बोलायला?”

पावम म्हणजे बिचारी. मी जिला कपटी, पाषाणहृदयी, अख्ख्या कादंबरीची खलनायिका म्हणून उभी केली, तिला ही कालची पोर बिचारी म्हणत होती! आणि तन्मय मान हलवत होता. “हो आई, पावम ती.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या आठवड्यात मी बदला घेतला. लेखिकेला बदला घ्यायला काय लागतं? एक दासी निर्माण केली. ती कॉफी नव्हे, पण ताक तरी भांडं ओठाला न लावता वरून ओतून पिते. जेवताना बोलते. केसांत इतका मोगरा माळते की माणूस खोलीत यायच्या आधी वास येतो. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘ना’ लावते आणि गोड गोड बोलून दुसऱ्याच्या घरात शिरते. शेवटी मनोऱ्याचं गुपित हीच फोडते. सगळं नित्याचं उचललं, तिच्या डोक्यावरच्या फुलांसकट. रविवारी मी एकेक शब्द तिच्याकडे बघून वाचला.

ती टाळ्या वाजवायला लागली. “अय्यो आत्याबाई! ही तर आमची कुंभकोणमची मावशी! तुम्ही तिला कधी पाहिलंत?”

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. हंबीररावांनी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, ऊन बाधलंय.

तरीही मी तोवर स्वतःला समजावत होते. नवीन लग्न आहे, चार महिने जाऊ देत, पोर पुन्हा माझ्याकडे बघायला लागेल. अखेर कान माझ्या मराठीने घडवलेत त्याचे. वीस वर्षांच्या रविवारांपुढे ही बँकेतली मुलगी किती दिवस टिकणार? या भरवशावर मी होते आणि एका रविवारी संध्याकाळी कुरडया काढायला गच्चीवर गेले.

पाण्याच्या टाकीपलीकडे दोघं बसली होती. मी इकडे वाकून साडीवरच्या कुरडया सोडवत होते, त्यांना दिसत नव्हते. ती तमिळमध्ये काहीतरी सांगत होती. माझं तमिळ बाजारापुरतं होतं ते केव्हाच, आता मला सगळं कळतं. नित्या म्हणत होती, की म्हातारीने मनोऱ्याचा जिना आतून चिणून घेतला आणि आता तिलाही वेणीवरूनच चढावं लागतं. गुडघे दुखतात पण सांगते कुणाला?

“अप्पुरम?” तन्मय म्हणाला. म्हणजे, मग?

माझं प्रकरण होतं ते. सकाळीच मी वाचलं होतं, याच मुलासमोर, आणि तो आत्ता विचारत होता, मग? ती सांगत गेली. मग एक दिवस म्हातारीला पोरीच्या केसांत परक्या माणसाच्या अत्तराचा वास येतो. “अप्पुरम? अप्पुरम?” तो लहान मुलासारखा तिच्या मागे लागला होता. मध्येच खदखदून हसला, मध्येच म्हणाला, छे, असं नको व्हायला. वीस वर्षांत मला त्याने एकदाही ‘मग’ म्हणून विचारलं नव्हतं.

“सकाळी काय ऐकत होतास मग?” तिने त्याला चिडवलं.

“खरं सांगू? आई वाचते त्यातलं मला अर्धंसुद्धा कळत नाही. घरात बोलते ते मराठी कळतं. पुस्तकातलं नाही. ती जड जड वाचायला लागली की मी पाय टेकवून झोपाळा थांबवतो. वाटतं, साखळीचा आवाज बंद झाला तर कळेल. तरी नाही कळत. राजाच्या मागून अब्दागिरी चालली म्हणते. मला कितीतरी वर्षं वाटायचं, हा एक डोंगर आहे.”

“छत्री रे ती! राजावर धरतात ती मोठी छत्री.”

“आता तू सांगितलंस म्हणून. सोपं असलं की मी मजेत झोके घेत ऐकायचो. लहानपणी तर फार मजा यायची. पण ती पानं आई नंतर काढूनच टाकायची. का ते देवाला माहीत.”

“आणि तू कधी सांगितलं नाहीस?”

“झोपाळा थांबला की तिचं तोंड किती खुलतं, पाहिलंस ना तू? कसं सांगणार?”

कुरडया माझ्या हातात चुरल्या.

त्या वेळी काय वाटलं ते लपवून ठेवत नाही. पोराने माझ्या सुखासाठी इतकी वर्षं सोंग केलं म्हणून गहिवरून यायला हवं होतं. त्याला आवडलेली पानं मी स्वतःच्या हाताने फाडली आणि न कळलेली पुण्याला छापायला पाठवली, म्हणून रडायला हवं होतं. टीकाकारांची ती भारदस्त भाषा म्हणजे माझ्या मुलाच्या कपाळावरची आठी होती, यावर निदान हसू तरी. यातलं काही काही झालं नाही. मला फक्त तिचा हेवा वाटला, जळजळीत. गोष्ट माझी, मुलगा माझा, आणि ‘अप्पुरम’ तिच्या वाट्याला.

पुढच्या रविवारी मी वाचायला बसले नाही. डोकं दुखतंय म्हटलं. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुण्यांचं निमित्त काढलं. नंतर कारणं सांगायचीही सोडली. मला वाटत होतं, तन्मय येईल आणि विचारेल, आई, आज गोष्ट नाही? तन्मयने दुसऱ्याच रविवारी बॅट शोधून काढली आणि कॉलनीतल्या पोरांबरोबर खेळायला गेला. परत आला तो घामाने निथळत, इतका खुशीत की माझ्या काळजाला घरं पडली. शिक्षा मी त्याला देत होते आणि त्याला सुट्टी मिळाली होती.

विचारायला आली ती नित्या. शनिवारी बँक अर्धाच दिवस असते, तीन वाजेपर्यंत ती घरी येते. हंबीरराव आत झोपलेले, तन्मय कारखान्यात. तिने माझ्यासमोर कॉफी ठेवली आणि उभीच राहिली.

“आत्याबाई, राजसबाईचं पुढे काय झालं?”

“तुला कशाला हवं?” मी म्हटलं. “नवऱ्याला गच्चीवर सांगायला?”

तिचा चेहरा उतरला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ती हलली नाही.

“तुम्ही ऐकलंत कां? मग ऐका अस्कंच, सगळंच. त्यास मी सांगते कारण तो विचारतो. पण मज कोण सांगणार? तुम्ही त्या म्हातारीला वेणीस लटकवून ठेवलंत आणि वाचणं बंद केलंत. बँकेत हिशेब चुकतो माझा.”

“तुला तरी कुठे कळतं? भलत्या ठिकाणी हसतेस.”

“कधी?”

“तस्तात हात धुतले तेव्हा.”

ती झोपाळ्याच्या कडेला बसली. साखळी बोटात धरली. “माझी आज्जी दिवसभर ओरडायची, नित्या, तस्त आण, नित्या, तस्त उचल. मी वैतागायचे. ती गेल्यावर अम्मा पण बेसिन म्हणते. तो शब्द गेलाच होता घरातनं. तुम्ही वाचलात तर मज वाटलं, आज्जी आतल्या खोलीतनं ओरडली. म्हणून हसू आलं.” तिने पदराने डोळे पुसले. “तुमच्या पुस्तकातले लोक आमच्या घरातल्यासारखे बोलतात, आत्याबाई. दुसरं कोणीच तसं बोलत नाही. पुण्याचे लोक बँकेत येतात, माझं मराठी ऐकून हसतात.”

मी आत जाऊन कागद घेऊन आले.

त्या शनिवारी ती झोपाळ्यावर मांडी घालून बसली. झोका नाही, काही नाही. मी वाचायला लागले आणि पहिल्याच पानावर तिने मला थांबवलं. राजसबाई असं म्हणणार नाही. का नाही? कारण मनातून घाबरलेली बाई जास्त रागावून बोलते, इतकी मऊ बोलत नाही. मी भांडले. ती भांडली. कॉफी थंड झाली, तिच्यावर साय धरली, आणि दोघींपैकी कुणी हात लावला नाही. आत जाऊन मी ते पान बदललं, आणि बदललेलं पान जास्त चांगलं होतं, हे मला अजिबात आवडलं नाही.

मग दर शनिवारी तसंच व्हायला लागलं. मी सकाळपासून घड्याळाकडे बघायचे. ती यायला उशीर झाला की बँकेला शिव्या घालायचे. आता मला झोपाळ्याची गरज नव्हती, कॉफीवरची साय दिसली की कळायचं. राजसबाईला मी पाषाणहृदयी ठेवायचं ठरवलं होतं, पण नित्या एकेक प्रश्न विचारत गेली आणि म्हातारी माझ्या हाताबाहेर गेली. जिना का चिणला? पोरगी जाईल म्हणून. पोरगी गेली तर काय? तर दिवसभराचं बोलणं कुणाशी करायचं? वेणी कापायच्या प्रसंगाला मी अडले, तेव्हा नित्या म्हणाली, “ती पोरीवर नाही रागावली, आत्याबाई. त्या खालून हाक मारणाऱ्यावर रागावली. तो हाक मारतो आणि पोरगी हिचं वाक्य अर्धं टाकून उठते.” मी लिहून घेतलं. फार खरं वाटलं मला ते. का खरं वाटलं याचा विचार केला नाही.

शेवटचं प्रकरण पुरं झालं ते एका कडक उन्हाच्या शनिवारी. दुपारी पंखा गरम वारा फेकत होता. नित्या आली, हातपाय धुऊन मांडी घालून बसली आणि मी सुरुवात केली. राजसबाईच्या हातात कात्री आहे. मुलगी पाठमोरी, खिडकीशी. खाली घोड्याच्या टापा वाजतात. म्हातारीला कळतं, की आता एकच गोष्ट आपल्या हातात आहे. नित्याचे डोळे माझ्यावर खिळले होते. कॉफी केव्हाच निवली होती. इतकं कुणी माझं कधी ऐकलं नव्हतं, वीस वर्षांत नाही, जन्मात नाही. मी पान उलटलं. शेवटची दोन पानं राहिली.

खाली मोटारसायकल थांबली.

नित्याची मान वळली. अगदी थोडीशी, पण मला दिसली. मी आवाज चढवला. “राजसबाईने वेणी हातात घेतली—”

“नित्या!” खालून तन्मयची हाक आली. कारखान्यात पाळी बदललेली, त्या वेळेला कंपनीची बस नाही, म्हणून मोटारसायकलवर गेलेलं पोर लवकर सुटलं होतं. “नित्या! किल्ली टाक, पार्किंगचं गेट लावलंय!”

“आलेच हं आत्याबाई,” म्हणत ती वाक्याच्या मध्यातून उठली. पळत बाल्कनीत गेली आणि कठड्यावरून खाली वाकली. तिची ती मोगऱ्याने भरलेली लांबलचक वेणी खांद्यावरून पुढे आली आणि कठड्याबाहेर लोंबायला लागली. खाली माझा मुलगा मान वर करून उभा होता, तोंडभर हसत. ती त्याला काहीतरी म्हणाली, तो काहीतरी म्हणाला, दोघं हसली. आणि मी हॉलच्या मध्यावर उभी, हातात दोन पानं धरून.

मला राग आला. आणि या खेपेला तो नित्याचा नव्हता. माझ्या पोटच्या पोराचा, ज्याच्या एका पायाच्या अंगठ्यासाठी मी तीन कादंबऱ्या लिहिल्या त्या तन्मयचा मला सणकून राग आला. याला आत्ताच यायचं होतं? याला काय कळणार आहे यातलं? हा येणार, ती उठणार, जेवायला वाढणार, मग चहा, मग गच्ची, मग अप्पुरम. माझी एकुलती एक ऐकणारी हा दर संध्याकाळी घेऊन जातो आणि वर मला आई म्हणतो!

मी बाल्कनीत गेले. नित्याच्या हातातली किल्ली काढून घेतली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली.

“तन्मय,” मी वरून ओरडले, “दोन पानं राहिलीत. खालीच थांब!”

“आई! ऊन किती आहे!”

“अब्दागिरी धर डोक्यावर,” मी म्हटलं आणि नित्याला दंडाला धरून आत आणलं. ती हसून हसून वेडी झाली होती. पण येऊन झोपाळ्यावर बसली, मांडी घातली, वेणी मागे टाकली आणि म्हणाली, “वाचा.”

ती दोन पानं मी मुद्दाम सावकाश वाचली.